अकरा हजारांचा चौक

रानशेतजवळच्या त्या पाड्यावर लग्न ठरलं की मंडप, बँजो, जेवणाचं बकरं या गोष्टी मागाहून ठरत. आधी मुलीचा नाहीतर मुलाचा बाप पुतळीच्या अंगणात येऊन उकिडवा बसे आणि विचारी, "पुतळे, कधी मोकळी आहेस?" चौक कोण काढणार हा प्रश्नच नव्हता. तो वीस-बावीस वर्षांपूर्वी निकालात निघाला होता.

वारल्यांचं लग्न चौकाशिवाय लागत नाही. घरातल्या अंधाऱ्या भिंतीला शेण आणि गेरूचा हात द्यायचा, तांदूळ वाटून पांढरं करायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, आणि मग सवाशिणींनी भिंतीवर लग्नचौक काढायचा. शेजारी धवलेरी बसते, म्हणजे लग्न लावणारी गाणारीण. ती गाते आणि गाण्याच्या मागे काडी चालते. गाण्यात साखळी आली की भिंतीवर साखळी, फणी आली की फणी, शिडी आली की शिडी. सगळ्यात शेवटी मधोमध पालघट देवी बसते. सवाशिणी पाच असोत की सात, देवी काढायची वेळ आली की सगळ्याजणी सरकून पुतळीला जागा करून देत.

तिला हे शिकवलं शुक्रीफुईने. फुई म्हणजे बापाची बहीण; ही तिच्या नवऱ्याची फुई, आणि आसपासच्या सात-आठ पाड्यांची धवलेरी. म्हातारी तोंडाची तिखट. पुतळी लग्न होऊन आली तेव्हा फुईने तिच्या हातात काडी दिली आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक, बांधलेला चौक रिकामा सोडायचा नाही. घर बांधलं नि दार सताड उघडं टाकून निघून गेलं असं होतं ते, कोण येऊन बसेल सांगता येत नाही. दुसरी, जिने देवी बसवली तिने ती कधी पुसायची नाही. पावसाने जाऊ दे, धुराने काळी पडू दे, घरच्या कुणी पुढच्या साली भिंत सारवू दे. बसवणाऱ्या हाताने पुसली की तो हात संपला.

पुतळीने कुणाकुणाच्या भिंती काढल्या याची गणती तिने ठेवली नव्हती, पण एक भिंत तिने मनात राखून ठेवली होती. तिच्या एकुलत्या निलमची. निलम झोळीत होती तेव्हापासून पुतळीला ठाऊक होतं की त्या भिंतीवर चंद्र कुठे येणार आणि घोडा किती मोठा असणार. काम करता करता ती थांबायची तेव्हा नवरा, चंदर, चिडवायचा, "पोरीला अजून दात आले नाय आणि हिचा चौक चालू झाला." दुसऱ्या कशाची हाव त्या बाईला नव्हती. एवढी एक भिंत तिला हवी होती.

निलम मोठी झाली. तिने तलासरीला हॉटेलातल्या कामाचा सहा महिन्यांचा कोर्स केला. तिथेच तिला वायरमनचं काम शिकणारा उमेश भेटला, आणि दोन्हीकडच्यांनी बसून लग्न माघात धरलं. मग निलम मुंबईला एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये लागली. तिथे फक्त गोडाचं वेगळं किचन होतं. नुसतं गोड खायला लोक आठ-आठ दिवस आधी टेबल सांगून ठेवतात, हे निलमने सांगितलं तेव्हा चंदर इतका हसला की त्याला ठसका लागला. पण निलमची नोकरी कच्ची होती. अकरा महिने झाले की घरी, पुन्हा बोलावलं तर बोलावलं. पक्की झाली तर राहायला खोली, पगारात वाढ, आणि लग्नानंतर उमेशलाही तिकडे काम बघता येणार होतं.

एके दिवशी तिच्या मोठ्या शेफने तिच्या मोबाईलवर मावसबहिणीच्या लग्नातला चौक बघितला आणि विचारलं, हे कुणी काढलं?

शेफ माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याला नवं डेझर्ट करायचं होतं. खाली डहाणूच्या चिकूचं आइस्क्रीम, केशराचं दूध, आणि वरून वहीच्या पानाएवढी काळ्या चॉकलेटची पातळ पाटी. त्या पाटीवर पांढऱ्या चॉकलेटने चौकाची नक्षी, मधली जागा मोकळी आणि त्यात सोन्याचा वर्ख. गिऱ्हाइकाने लाकडी हातोडीने पाटी फोडायची आणि खायचं. एका प्लेटची किंमत अकरा हजार रुपये. निलमने त्याला बजावून सांगितलं, "सर, फक्त बाहेरची नक्षी. मध्ये देवी असते, ती नको." शेफ म्हणाला, "मला मधली जागा मोकळीच पाहिजे." इतकं साफ बोलणं झालं होतं. पुतळीला निलमने नक्षीचं आणि वर्खाचं सांगितलं. हातोडीचं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तर आई आली नसती म्हणून.

दिवाळीच्या आधी पुतळी मुंबईला गेली, कनवटीला स्वतःच्या तीन काड्या खोचून. गोडाचं किचन म्हणजे बर्फाची खोली. तिला पांढरा डगला घातला, केसांवर जाळी चढवली, आणि स्टीलच्या टेबलाशी उभी केली. समोर काळी पाटी, वाटीत कोमट पांढरं चॉकलेट. शेफने सांगितलं, "ताई, आरामात. एकच नमुना पाहिजे." मग त्याला कुणाचा तरी फोन आला आणि निलमला कुणीतरी दुसरीकडे हाक मारली.

पुतळीचा हात सुरुवातीला चालेना. मग तिच्या लक्षात आलं की गाणं नाही. गाण्याशिवाय काडी कुठे जाणार? तेव्हा तिने ओठातल्या ओठात शुक्रीफुईचं गाणं धरलं आणि हात सुटला. साखळी झाली, बाशिंग झालं, फणी, शिडी, सूर्य, चंद्र सगळं आपापल्या जागी बसलं. चौक पुरा झाला आणि मधली जागा राहिली. निलमने सांगितलं होतं, आये, मधे काही नको. पुतळी थांबली. कुणी येऊन वर्ख लावील, मग चौक रिकामा राहणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

कुणी आलं नाही. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पुतळी उभीच. पाटीवर बांधलेला चौक सताड उघडा पडलेला, आणि ओठातलं गाणं देवीच्या ओळीपाशी येऊन अडलेलं. तिला तिथून हलता येईना आणि नुसतं बघवेनाही. तिच्या मनात काय काय येऊन गेलं कुणास ठाऊक. निलमचं लग्न तोंडावर, निलम रोज याच खोलीत उभी राहते, आणि आपण इथे रिकामा चौक टाकून जायचं? तिने काडी बुडवली, देवीची ओळ म्हटली आणि पालघट देवी बसवली. अगदी भिंतीवर बसवते तशी.

निलम परत आली आणि पाटी बघून तिचा चेहरा उतरला. शेफ आला तो मात्र बघतच राहिला. निलम म्हणाली, "सर, ही आमची देवी आहे." त्याने लगेच दोन्ही हात जोडले, मनापासून जोडले, आणि म्हणाला, "फारच सुंदर. आम्ही पूर्ण मान ठेवू." पुतळीला बरं वाटलं. देवी बसली म्हणजे आता ही पाटी कुणी खाणार नाही, कुठेतरी वर ठेवतील, उदबत्ती लावतील. तिच्या जगात बसवलेल्या देवीचं दुसरं काही होतच नव्हतं. ती गाडीत बसायच्या आधीच शेफने त्या पाटीवरून रबराचा साचा काढायला सांगितलं होतं.

डिसेंबरात नव्या मेनूचा दिवस ठरला. दुपारी चारला कार्यक्रम, पुतळी मुख्य पाहुणी. चंदर चिखले गावच्या चिकूवाडीत मजुरीला जायचा, तिथून त्याला सुट्टी मिळाली नाही. चिकू उतरवायचे दिवस होते. पुतळी एकटी गेली. निलमने घेऊन ठेवलेली जांभळी साडी नेसली, केसात अबोलीचा गजरा माळला. मधल्या टेबलावर तिला बसवलं. भोवती नीटनेटके लोक, मोबाईल वर धरलेले. एका बाजूला किचनची माणसं रांगेत उभी, त्यात निलम.

काचेच्या झाकणाखालून धूर निघाला, झाकण उचललं आणि पुतळीच्या समोर तिचा चौक आला. तिचीच साखळी, तिचीच फणी, आणि मधोमध तिने बसवलेली देवी, गळ्यापाशी सोन्याचा तुकडा चिकटवलेला. पुतळीने हात जोडले. लोकांना ते फार आवडलं, भराभर फोटो निघाले. मग शेफने तिच्या हातात एक छोटी लाकडी हातोडी दिली.

"पहिला मान ताईंचा," तो म्हणाला.

तिला कळेना. तेवढ्यात तिची वाट न बघताच मागच्या टेबलावर टक् आवाज झाला आणि कुणीतरी हसलं. पुतळीने वळून बघितलं. एका बाईच्या ताटात तिचा चौक चार ठिकाणी फुटलेला होता आणि ती बाई देवीच्या धडाचा तुकडा चमच्याने उचलत होती. पलीकडच्या टेबलावर पण टक्. त्याच्या पलीकडेही.

पुतळीने निलमकडे बघितलं. शेफने निलमला सांगून ठेवलं होतं, आजचं नीट पार पडलं की एक तारखेपासून तू पक्की. हे पुतळीला माहीत होतं, निलमनेच फोनवर आनंदाने सांगितलं होतं. आता निलम होय-नाय कशालाच मान हलवत नव्हती, फक्त भरल्या डोळ्यांनी आईकडे बघत होती. मधल्या टेबलाभोवती सगळे थांबले होते. शेफ हसून म्हणाला, "ताई, घाबरू नका, हलकेच मारा."

तिने कोपरा धरला. नक्षीच्या अगदी टोकाला, जिथे नुसती साखळी होती तिथे, जेमतेम लागेल अशी हातोडी टेकवली. पण पाटी पातळ होती, तशीच केलेली होती. कोपऱ्यातून चीर निघाली आणि सरळ देवीच्या अंगावरून पलीकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिला खायला लावलं. तिने एक चमचा तोंडात घातला. चिकू होता. चंदर रोज वाडीत उतरवतो तोच चिकू, आणि सोन्याला तर काही चवच नव्हती. तो घास गिळायला तिला फार वेळ लागला.

बाहेर पडल्यावर निलम तिला बिलगली. "आये, चॉकलेट होतं ते. नुसतं चॉकलेट."

"हो," पुतळी म्हणाली. "मी गाणं म्हटलं होतं त्याच्यावर."

निलमला ते पुरतं कळलं. ती त्याच पाड्यावर वाढली होती. पुतळीने विचारलं, "हे रोज फोडतात?" निलम म्हणाली, "रोज तीस-पस्तीस." आणि खाली बघत म्हणाली, "साचा मीच भरते, आये. मला तेच काम दिलंय."

पुतळी घरी आली. चंदरने विचारलं, कसं झालं? म्हणाली, चांगलं झालं, पोरगी पक्की होणार. आणि झालीही. निलमचं नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं, चंदरने ते पाडाभर मिरवलं. पुतळीने मात्र जानेवारीत पाड्यावरच्या हाल्याच्या घरचा चौक अंगात ताप आहे म्हणून टाळला. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने तुटक्या कौलावर काडीने रेघ ओढून बघितली. साखळी आली, फणी आली. देवीच्या खांद्याची रेघ ओढताना तिला कौलावर ती चीर दिसायला लागली, कोपऱ्यातून निघून सरळ मधून जाणारी. तिने ते कौल विहिरीमागे नेऊन पुरलं. फुईने सांगितलेली दुसरी गोष्ट तिने कुणाकडे बोलून दाखवली नाही, पण ती रात्रंदिवस तिच्या डोक्यात होती. पुसणंसुद्धा नाही, तिने फोडली होती.

शुक्रीफुईला जाऊन सांगावं असं तिला दहादा वाटलं. सांगितलं असतं तर म्हातारीने पुढचं विचारलंच असतं, कुठे, कोण करतं, रोज करतं का. आणि निलमचं नाव आलं असतं. जी मुलगी रोज देवीचा साचा भरून फोडायला पाठवते तिच्या लग्नात शुक्रीफुई गायली नसती. दुसरी धवलेरीही आली नसती. उमेशकडची तलासरीची माणसं मंडपातून उठून गेली असती. पुतळीने हे सगळं मनातल्या मनात पन्नास वेळा फिरवून बघितलं आणि दर वेळी ते तिथेच येऊन थांबलं.

निलम लग्नासाठी चार दिवसांची रजा घेऊन आली. आल्या आल्या तिने भिंतीकडे बघितलं. चंदरने भिंत छान सारवून घेतली होती. निलम हळूच म्हणाली, "आये, तूच काढ. मला दुसऱ्या कुणाचा चौक नको." पुतळीने तिच्या केसांवरून हात फिरवला.

चौकाच्या दिवशी सकाळीच बाया जमल्या. तलासरीहून उमेशची आई आणि दोन चुलत्या आल्या होत्या. शुक्रीफुई पानाची पिंक टाकून आली, भिंतीशी मांडी घालून बसली आणि तिने घसा खाकरला. तांदळाचं पांढरं वाटीत तयार होतं. सगळ्या सवाशिणी सरकल्या आणि पुतळीसाठी मधली जागा मोकळी झाली. सोमीने, पुतळीच्या धाकट्या जावेने, काडी चावून मऊ करून तिच्यापुढे धरली.

"घे," फुई म्हणाली. "उजेड आहे तवर होऊ दे."

पुतळीने काडी घेतली नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. तिथे चंद्र कुठे येणार ते तिला अजूनही दिसत होतं. काढावा का? कुणाला काय कळणार होतं? एकटी निलम जाणत होती, आणि ती तर काढच म्हणत होती. पण ज्या हाताने देवी फोडली त्याच हाताने पोटच्या पोरीच्या लग्नात देवी बसवायची, आणि मग त्या लग्नाचं काय होईल, ही भीती तिला सोडत नव्हती. ती मागे सरकली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "फुई, मला नाय शिवता यायचं. मी बाहेरची झाले."

बाया चुकचुकल्या. पोरीच्या लग्नातच यायचं होतं का हे, असं कुणीतरी म्हणालं. त्या पाड्यावर बाहेरची झालेली बाई चौकाच्या घरात येत नाही आणि मंडपाखालीही येत नाही, लग्न स्वतःच्या मुलीचं असलं तरी. ते सगळ्यांना माहीत होतं. पुतळीलाही.

फक्त शुक्रीफुई तिच्याकडे टक लावून बघत राहिली. पुतळीची पाळी दोन वर्षांमागेच गेली होती. तिचं अंग तापायचं, घाम सुटायचा, तेव्हा कसलंसं मूळ उगाळून फुईनेच तिला महिनाभर पाजलं होतं. म्हातारीने एकदा पुतळीच्या हातांकडे बघितलं. पुतळीने ते पदराखाली घेतले. फुईच्या तोंडावरचा तिखटपणा गेला आणि ती एकदम फार थकलेली दिसली.

"जा तर," ती म्हणाली. "लांब बस. सोमे, घे गं काडी."

पुतळी अंगणाबाहेर, मंडपाच्या सावलीपासून लांब, पेंढ्याच्या उडवीपाशी जाऊन बसली. आतून गाणं सुरू झालं. तिला भिंत दिसत नव्हती, पण ओळीवरून आत काय चाललंय ते कळत होतं. साखळी चालू होती. सोमीचा हात जड, म्हणून फुई तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग फणी आली, शिडी आली. चंद्र तिथे नसेल काढला, पुतळीला वाटलं, सोमी चंद्र नेहमी खाली काढते. मग गाणं देवीच्या ओळीपाशी आलं. पुतळीने डोळे मिटून घेतले आणि ओठ घट्ट दाबून धरले, चुकून आपल्या तोंडून ओळ निघू नये म्हणून.

दोन दिवस ती तिथेच होती. चंदर तिचं ताट तिथे आणून ठेवायचा आणि काही न समजून बाजूला उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी हळद लागली. हळद लागलेली निलम सगळ्यांचे हात सोडवून मंडपाच्या कडेला आली. तिला माहीत होतं आईची पाळी गेली आहे ते. आई का आणि कुणासाठी खोटं बोलली ते तिने चौकाच्या वेळी भिंतीशी बसूनच ओळखलं होतं. तिच्या गालांवरून हळद ओघळत होती आणि ती मंडपाच्या खांबाला धरून उभी होती.

"आये," ती म्हणाली, "मी सांगते सगळ्यांना."

मंडपातल्या बाया मान वळवून बघायला लागल्या. उमेशची आईही बघत होती. निलमने एक पाऊल उन्हात टाकलं, आईकडे यायला हात पुढे केला.

पुतळी उठून दोन पावलं मागे सरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिवू नको मला. अंगाला हळद लागलीय तुझ्या. आत जा, देवी बसलीय तिथे."

सोमी आली आणि निलमला दंडाला धरून आत घेऊन गेली.